बाळदमा, जनुके आणि घराणे : वारशात नेमके काय येते?

मृगनक्षत्र (धागाकर्ती)

विवाह ठरवताना आरोग्याविषयी काय विचारावे, या दुसऱ्या एका धाग्यावर एका सदस्याने ‘दमा असलेल्या घरात सोयरीक करू नये, तो रक्तातून येतो’ असे ठामपणे लिहिले. त्यावर तितक्याच ठामपणे ‘दमा हा निव्वळ धुळीधुराचा आजार आहे’ असे उत्तर आले. दोन्ही विधानांत थोडे तथ्य आहे, पण ज्या स्वरूपात ती केली गेली त्या स्वरूपात दोन्ही चुकीची आहेत. तिथे हे अवांतर झाले असते, म्हणून वेगळा धागा काढत आहे. मी महाविद्यालयात आनुवंशिकी शिकवते, वैद्यकीय व्यवसायात नाही. त्यामुळे औषधोपचारांविषयीचे प्रश्न येथील डॉक्टर सदस्यांनी घ्यावेत, ही विनंती.

दमा कुटुंबांत एकवटलेला दिसतो, याबद्दल वाद नाही. मात्र एका कुटुंबातील माणसे जनुकांबरोबर घर, स्वयंपाकाचा धूर आणि उशांमधली धूळही वाटून घेत असतात, म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यासाठी जुळ्या भावंडांचा अभ्यास करतात. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, तर द्विबीज जुळ्यांमध्ये इतर भावंडांप्रमाणे सरासरी निम्मे जनुकीय भेद (माणसामाणसांच्या डीएनएतील बारीक फरक) सामाईक असतात. घर दोघांचेही एकच असते. तरीही ‘एकाला दमा, तर दुसऱ्यालाही दमा’ हे एकबीज जोड्यांत बरेच अधिक आढळते. स्वीडनमधील जुळ्यांच्या नोंदींवरून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बालवयातील दम्याची आनुवंशिकता सुमारे ८२ टक्के निघाली. हा आकडा ऐकून लोक घाबरतात. त्याचा अर्थ असा की, त्या लोकसमूहात दम्याच्या धोक्याबाबत माणसामाणसांमध्ये जो फरक आहे, त्यातला एवढा भाग जनुकीय फरकांशी निगडित आहे. एखाद्या मुलाचा दमा ८२ टक्के वडिलोपार्जित आणि १८ टक्के हवेतला, असा हिशेब त्यातून निघत नाही.

मग ही जनुके कोणती? २००७ पूर्वी संशोधक आधी एखाद्या जनुकावर संशय घेत आणि मग ते तपासत. अशा संशयितांची यादी शेकड्यांत गेली, पण एका देशात सापडलेला संबंध दुसऱ्या देशात टिकत नसे. २००२ साली विसाव्या गुणसूत्रावरील एडीएएम३३ या जनुकाचा मोठा गाजावाजा झाला; नंतरच्या पाहण्यांत त्याचे चित्र धूसरच राहिले. संपूर्ण जनुकसंच एकदम चाळण्याची पद्धत हाती आल्यावर परिस्थिती पालटली. २००७ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीतील बालवयात दमा जडलेले ९९४ रुग्ण आणि दमा नसलेल्या १,२४३ व्यक्ती यांची तुलना करण्यात आली, तेव्हा सतराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील एक पट्टा ठळकपणे समोर आला. त्याला ‘१७क्यू२१’ म्हणतात. ओआरएमडीएल३ आणि जीएसडीएमबी ही जनुके त्या पट्ट्यात शेजारी-शेजारी बसलेली आहेत. पहिल्याचा संबंध पेशींतील स्फिंगोलिपिड नावाच्या स्निग्ध द्रव्यांच्या निर्मितीशी आहे, तर दुसऱ्याचा श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशी कशा मरतात, याच्याशी. तीन वर्षांनी, २०१० साली, गॅब्रिएल या युरोपीय प्रकल्पाने १०,३६५ दमेकऱ्यांची तुलना १६,११० इतर व्यक्तींशी केली. त्यात १७क्यू२१ पुन्हा निघालेच, शिवाय दुसऱ्या, सहाव्या, नवव्या, पंधराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांवरील जागाही सापडल्या.

त्या प्रकल्पातील एका निष्कर्षाकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे, कारण आपली घरगुती समजूत तिथेच उलटी पडते. आपण धरून चालतो की आधी ॲलर्जी असते आणि त्यातून दमा होतो. तसे असते, तर रक्तातील आयजीई हे ॲलर्जीचे प्रतिद्रव्य वाढवणारे जनुकीय भेदच दम्याचेही भेद निघायला हवे होते. प्रत्यक्षात एखाद-दुसरा अपवाद सोडता ते वेगळे निघाले. दम्याशी जोडले गेलेले आयएल-३३, त्याचा ग्राही, म्हणजे पेशीवर त्याचा संकेत टिपणारे प्रथिन, बनवणारे आयएल१आरएल१ आणि पुढे सापडलेले टीएसएलपी ही जनुके श्वासनलिकेच्या अस्तराशी संबंधित आहेत. विषाणू, धूर किंवा परागकण यांनी अस्तर दुखावले की तिथल्या पेशी आयएल-३३ आणि टीएसएलपी बाहेर सोडतात आणि ती धोक्याची घंटा ऐकून प्रतिकारपेशी धावून येतात. ज्यांच्यात हा इशारा लवकर किंवा जास्त जोराने दिला जातो, त्यांच्या नळ्या सुजण्याची शक्यता अधिक असते.

आता मुख्य मुद्दा. हे भेद दुर्मीळ नाहीत आणि त्यांतला कोणताही एकटा फारसा बलवान नाही. बहुतेक भेदांनी धोका दहा-वीस टक्क्यांनी वाढतो. १७क्यू२१ चा प्रभाव त्याहून काहीसा अधिक आहे. त्या पट्ट्यातील ‘धोक्याचा’ प्रकार युरोपीय लोकांच्या जवळजवळ निम्म्या गुणसूत्रांवर सापडतो, म्हणजे चारांपैकी साधारण तिघांकडे त्याची किमान एक प्रत असते. ज्यांना कधी साधी शिंकही येत नाही, असेही त्यांत पुष्कळ आहेत. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या एकाच जनुकातील दोषाने होणाऱ्या रक्तविकारांत ज्या अर्थाने ‘दोष या घराण्यातून आला’ असे बोट दाखवता येते, त्या अर्थाने दम्यात दाखवता येत नाही.

आणखी एक फरक नेहमी निसटतो. बालवयात सुरू होणारा दमा आणि प्रौढपणी सुरू होणारा दमा यांचा जनुकीय पाया एकसारखा नाही. लाखो लोकांची आरोग्यविषयक व जनुकीय माहिती साठवणाऱ्या ब्रिटनच्या यूके बायोबँकेतील माहितीवर २०१९ साली झालेल्या अभ्यासात बाराव्या वर्षाआधी सुरू झालेला दमा आणि २६ ते ६५ या वयात सुरू झालेला दमा स्वतंत्रपणे तपासण्यात आले. एकूण ६१ जागा सापडल्या. त्यांतील ३७ दोहोंत सामाईक होत्या, २३ फक्त बालदम्याशी निगडित होत्या, आणि प्रौढपणीच्या दम्याची म्हणावी अशी केवळ एक होती. तपासलेल्या सर्वसामान्य भेदांनी बालदम्यातील सुमारे ३३ टक्के फरकाचा उलगडा होत होता, प्रौढ दम्यातील जेमतेम १० टक्क्यांचा. बालदम्याची जनुके त्वचेत बरीच सक्रिय आढळली, हेही अर्थपूर्ण आहे. लहानपणी कोरडा इसब असलेल्या मुलांना पुढे दमा होतो, हे बालरोगतज्ज्ञ फार पूर्वीपासून पाहत आले आहेत. त्वचेचा अडसर घट्ट राखणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाचे जनुक याच गटातले आहे.

प्रश्न विचारावेत. जमेल तशी उत्तरे देईन.

शंकेखोर

धागा माहितीपूर्ण आहे, वाचनखूण साठवली आहे. परंतु दोन गोष्टी पटल्या नाहीत. जुळ्यांच्या अभ्यासातून ८२ टक्के आणि प्रत्यक्ष जनुके मोजली की ३३ टक्के, तर मधले जवळजवळ ५० टक्के गेले कुठे? आणि आजार एवढा आनुवंशिक असेल, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत तो इतका कसा वाढला? दोन पिढ्यांत माणसाची जनुके बदलत नाहीत.

मृगनक्षत्र

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मधल्या तुटीची काही कारणे ठाऊक आहेत. या चाचण्या लोकसंख्येत बऱ्यापैकी पसरलेले भेद मोजतात. दुर्मीळ भेद त्यांच्या जाळीतून निसटतात. शिवाय जुळ्यांच्या पद्धतीत जनुक आणि परिसर यांचा एकत्रित परिणाम पुष्कळदा जनुकांच्या खात्यावर जमा होतो. समजा, एखाद्या भेदामुळे तंबाखूच्या धुराचा त्रास अधिक होतो आणि जुळी मुले धूर असलेल्या एकाच घरात वाढली. एकबीज जोडीतील दोघेही आजारी पडतील आणि गणित ते सगळे श्रेय आनुवंशिकतेला देईल, जरी घरात धूर नसता तर दोघेही निरोगी राहिले असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. आनुवंशिकतेचा आकडा त्या काळापुरता आणि त्या परिसरापुरता असतो. परिसर सर्वांसाठी एकदम बदलला, तर आजार वाढतो आणि आनुवंशिकतेचा आकडा जिथल्या तिथे राहू शकतो. जर्मनीच्या एकीकरणानंतर म्युनिक आणि लाइपझिग येथील शाळकरी मुलांची तुलना झाली, तेव्हा अपेक्षेविरुद्ध दमा आणि गवतज्वर (परागकणांच्या ॲलर्जीची सर्दी) पश्चिमेकडील म्युनिकमध्ये अधिक आढळले, तर कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या लाइपझिगमध्ये ब्राँकायटिस अधिक होता. वंशाने ही मुले एकाच लोकसमूहातली होती.

याहून बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. इंडियाना राज्यातील आमिश आणि साउथ डकोटातील हटराइट हे दोन्ही शेतकरी पंथ युरोपातील आल्प्सच्या परिसरातून तिकडे गेले. त्यांचा जनुकीय वारसा परस्परांशी खूप मिळताजुळता आहे, दोन्हींत कुटुंबे मोठी आहेत, घरात पाळीव प्राणी सहसा नसतात आणि धूम्रपानही कमी आहे. तरी शाळकरी मुलांत दम्याचे प्रमाण आमिशांमध्ये ५.२ टक्के, तर हटराइटांमध्ये २१.३ टक्के असल्याच्या नोंदी होत्या. फरक शेतीच्या पद्धतीत आहे. आमिश घोड्यांनी शेती करतात आणि त्यांचे गोठे घराला लागून असतात. हटराइटांची शेती यांत्रिक, सामुदायिक आणि वस्तीपासून दूर असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक गटातील ३० मुले घेतली होती. आमिश घरांतील धुळीत जिवाणूंच्या आवरणातून येणारे एंडोटॉक्सिन हे द्रव्य हटराइट घरांच्या ६.८ पट निघाले. ती धूळ उंदरांच्या नाकात सोडली, तेव्हा त्यांचे दम्यापासून बऱ्याच अंशी रक्षण झाले. हटराइट धुळीने झाले नाही.

गावाकडची_माती

आमची आजी हेच सांगत असे! मुले गोठ्यात, शेणामातीत वाढली की काटक होतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये फरशी फिनाइलने पुसून पुसून आपणच मुलांना नाजूक करून ठेवले आहे. आता यात जनुकांचा संबंध कुठे राहिला?

मृगनक्षत्र

संबंध राहतो, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच आहे. ऑस्ट्रिया, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथील ग्रामीण मुलांना जन्मापासून पाहणाऱ्या पाश्चर या प्रकल्पात गोठ्यातील वावर आणि १७क्यू२१ हे दोन्ही एकत्र तपासले गेले. २०१६ साली त्यांनी जे मांडले, ते असे की, गोठ्यात वावरण्याचा लाभ प्रामुख्याने ‘धोक्याचा’ प्रकार बाळगणाऱ्या मुलांना झाला. त्यांच्यात श्वासाची घरघर कमी झाली.

याच्या शेजारी आणखी दोन अभ्यास ठेवून पाहा. फ्रान्समधील कुटुंबांच्या २००८ सालच्या अभ्यासात त्याच भेदाचा परिणाम चार वर्षांच्या आत सुरू झालेल्या दम्यात दिसला आणि तान्हेपणी तंबाखूचा धूर भोवती असल्यास तो आणखी तीव्र झाला. २०१३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन आणि डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील मुलांच्या माहितीवरून असे दिसले की, ज्या मुलांची छाती तान्हेपणी ऱ्हायनोव्हायरसच्या सर्दीने घरघरली होती, त्यांच्यातच या भेदामुळे पुढे दम्याचा धोका वाढला. आरएसव्ही या दुसऱ्या विषाणूच्या बाबतीत तसा संबंध आढळला नाही.

म्हणजे तोच भेद धुराच्या घरात आणि सर्दीच्या साथीत मुलाला मागे खेचतो, आणि युरोपातील गोठ्यात त्याच मुलाला इतरांपेक्षा अधिक फायदा मिळवून देतो. याला ‘दम्याचे जनुक’ म्हणणेच मला अयोग्य वाटते. त्या भेदाने श्वासनलिकेचे अस्तर परिसराला किती संवेदनशील राहील, हे ठरते. परिसर कोणता मिळणार, हे तो ठरवत नाही. वारशात येते ती ही संवेदनशीलता.

वैद्य_गोदाकाठ

मी नाशिक परिसरात छातीविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. गोठ्याची चर्चा उत्साहाने पुढे जाण्याआधी एक सूचना करतो. वर उल्लेख आलेले अभ्यास निरीक्षणांवर आधारलेले आहेत आणि तेथील मुले गर्भावस्थेपासून, म्हणजे आई गोठ्यात काम करत असल्यापासून, त्या वातावरणात होती. दमा जडलेल्या सहा वर्षांच्या मुलाला सुटीत गावी नेऊन गोठ्यात बसवणे हा उपचार नाही. कडब्याच्या धुळीने आणि बुरशीने त्याला तिथेच झटका येऊ शकतो. शिवाय आपल्याकडे गोठ्याला लागून चूल असते, त्या चुलीत गोवऱ्या आणि तुराट्या जळत असतात आणि तो धूर एंडोटॉक्सिनचा संभाव्य लाभ सहज पुसून टाकू शकतो. युरोपातील गोठ्याचा निष्कर्ष आपल्या गोठ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही.

उत्तरवारा

मी काही वर्षे कोपनहेगनमध्ये वास्तव्यास आहे आणि वर विषाणूचा उल्लेख आला, म्हणून इथल्या एका संशोधनाची भर घालतो. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन जन्मजात आजारांसाठी तपासतात आणि ते वाळलेले कागद राष्ट्रीय संग्रहात जपून ठेवतात. दम्याच्या तीव्र झटक्यांमुळे वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागलेली दोन ते सहा वर्षांची १,१७३ मुले संशोधकांनी सरकारी नोंदींतून शोधली, त्यांचे जन्मावेळचे ते वाळके थेंब संग्रहातून काढले आणि त्यांतील डीएनएची तुलना २,५२२ इतर व्यक्तींशी केली. २०१४ साली त्यातून सातव्या गुणसूत्रावरील सीडीएचआर३ हे नवे जनुक हाती आले. या प्रथिनातील ५२९ व्या स्थानी सिस्टीनऐवजी टायरोसिन हे अमिनो आम्ल आले की झटक्यांचा धोका वाढतो.

हे प्रथिन श्वासनलिकेत काय करते, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधील प्रयोगशाळेने दाखवून दिले की, ऱ्हायनोव्हायरस-सी हा विषाणू याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो. ५२९ व्या स्थानच्या बदलामुळे ते पेशीच्या पृष्ठभागावर अधिक प्रमाणात येते, आणि प्रयोगात विषाणूचे चिकटणे व वाढणे सुमारे दहापट झाले. एका अमिनो आम्लाच्या बदलापासून रुग्णालयातील खाटेपर्यंतची साखळी इतकी सलग जुळल्याचे दम्यात दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

शंकेखोर

मग सर्दीचा विषाणू घरात येणारच, त्यावर इलाज काय? हे सारे ज्ञान प्रयोगशाळेतच राहणार, असे दिसते.

मृगनक्षत्र

सगळेच राहिलेले नाही. आइसलँडमधील लोकांत आयएल-३३ या जनुकाचा एक दुर्मीळ भेद सापडला, ज्यामुळे त्याचे प्रथिन अपुरे राहते आणि कामच करू शकत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हा भेद असलेल्यांच्या रक्तात इओसिनोफिल या, दम्याच्या सुजेत भाग घेणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होत्या आणि त्यांचा दम्याचा धोका सुमारे निम्मा होता. याचा अर्थ, हा संकेत औषधाने अडवल्यास दमा आवरण्याची शक्यता आहे, असे निसर्गानेच करून दाखवले. टीएसएलपी या शेजारच्या संकेताला अडवणाऱ्या टेझेपेलुमॅब या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये तीव्र दम्यासाठी मान्यता मिळाली. जनुकीय शोधांमुळेच ते औषध जन्माला आले, असे मी म्हणणार नाही, कारण टीएसएलपीवर आधीपासून काम चालू होते. परंतु कोणत्या संकेतावर पैसे आणि श्रम खर्च करावेत, याला जनुकशास्त्राने बळकटी दिली, एवढे निश्चित म्हणता येईल.

सोनचाफा_७

माझा प्रश्न थोडा नाजूक आहे. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे आणि माझे आईवडील तसेच नात्यातले आहेत. आम्हा दोघा भावांना लहानपणी बाळदमा होता. नात्यातल्या लग्नामुळे हे झाले, असे आता घरात बोलले जाते आणि आईला त्याचे वाईट वाटते. यात तथ्य आहे का?

मृगनक्षत्र

आईंना एवढे अवश्य सांगावे की, दम्यासाठी कोणाकडे बोट दाखवता येईल, असा हा वारसा नाही. नात्यातील विवाहांत ज्या आजारांचा धोका स्पष्टपणे वाढतो, ते बहुधा एकाच जनुकाच्या दोन सदोष प्रती एकत्र आल्याने होणारे आजार असतात, कारण दोन्हीकडून तीच दुर्मीळ सदोष प्रत येण्याची शक्यता नात्यात जास्त असते. दम्याची घडण अशी नाही. त्यात शेकडो सर्वसामान्य भेदांची थोडी-थोडी भर पडत जाते, आणि हे भेद इतके पसरलेले आहेत की, परक्या घरातल्या वधूकडेही ते असणारच.

लहान, बंदिस्त लोकसमूहात मोजक्या पूर्वजांचा वारसा एकवटतो, हे मात्र खरे. दक्षिण अटलांटिकमधील ट्रिस्टन दा कुन्हा या बेटावरील जेमतेम तीनशेच्या आतली वस्ती एकोणिसाव्या शतकात आलेल्या मूठभर कुटुंबांपासून वाढलेली आहे. १९६१ साली ज्वालामुखीमुळे सर्वांना ब्रिटनमध्ये हलवण्यात आले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना त्यांच्यात दम्याचे प्रमाण विलक्षण असल्याचे आढळले. पुढे टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी बेटावर जाऊन तपासणी केली; निम्म्याहून अधिक रहिवाशांमध्ये दम्याची पूर्ण किंवा अंशतः लक्षणे होती. पण ती पिढ्यान्पिढ्या समुद्राने वेढलेल्या एका वस्तीची गोष्ट आहे. एका मामे-आते विवाहावरून दोन भावांच्या बाळदम्याचा निवाडा तिच्या आधारे करणे योग्य होणार नाही.

पाऊलवाट

हल्ली थुंकी पाठवून जनुकीय चाचणी करून देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती येतात. माझ्या मुलीला अजून काही त्रास नाही, परंतु पतीला दमा आहे. अशी चाचणी करून घ्यावी का?

वैद्य_गोदाकाठ

माझ्याकडे असे अहवाल घेऊन पालक येतात. त्यावर ‘दम्याचा धोका : सरासरीपेक्षा अधिक’ असे लिहिलेले असते आणि त्या वाक्याने माझ्या उपचारात एका ओळीचाही बदल होत नाही. शेकडो भेदांची बेरीज करून काढलेले गुण मोठ्या समूहांत उपयोगी पडतात, पण एका मुलाला दमा होईल की नाही, हे त्यातून सांगता येत नाही. कोणत्याही दमा संघटनेने निदानासाठी ही चाचणी सुचवलेली नाही. आपल्या मुलीभोवती कोणी सिगारेट-बिडी ओढत नाही आणि उदबत्तीचा वा मच्छर अगरबत्तीचा धूर बंद खोलीत कोंडत नाही, एवढे पाहिल्यास चाचणीपेक्षा अधिक साधेल.

हाच प्रश्न औषधांबाबतही येतो. ‘आमच्या मुलाला सालब्युटामॉल लागू पडत नाही, जनुकांमुळे असेल का?’ हे श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध ज्यावर काम करते, त्या बीटा-२ ग्राहीच्या सोळाव्या स्थानचा भेद आणि या औषधाचा परिणाम यांवर पुष्कळ काम झाले आहे, २००४ च्या एका चाचणीत फरकही दिसला होता. परंतु सूज कमी करणारे इनहेलर बरोबर चालू असेल, तर त्या भेदाला व्यवहारात महत्त्व उरत नाही, असे नंतरच्या चाचण्यांवरून दिसते. माझ्या टेबलासमोर मूल इनहेलर घेऊन दाखवते, तेव्हा दहातल्या निम्म्या वेळा फवारा जिभेवर बसलेला असतो. स्पेसर (फवारा साठवणारी नळी) आणि मास्क लावला की ‘जनुकीय’ अपयश पुष्कळदा दूर होते.

मृगनक्षत्र

त्यात आणखी एक अडचण जोडते. धोक्याचे हे गुण मुख्यत्वे युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत. २०१८ साली २३,९४८ दमेकरी आणि १,१८,५३८ इतर व्यक्तींची माहिती एकत्र करून जो मोठा अभ्यास झाला, त्यात निरनिराळे वंश आवर्जून घेतले होते, तरी बहुसंख्य युरोपीयच होते. कोणते शेजारचे भेद एकत्र वारशाने येतात, हे लोकसमूहागणिक बदलते, त्यामुळे तिकडे जो भेद खुणेचा म्हणून उपयोगी पडतो, तो इकडे दिशाभूल करू शकतो. फिलॅग्रिनचे युरोपात सर्रास आढळणारे दोन सदोष प्रकार आशियात विरळ आहेत. इथले वेगळे आहेत.

भारतात काम झालेच नाही, असे नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्रीय संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००८ साली आयएनपीपी४ए या जनुकातील भेदाचा भारतीय दमेकऱ्यांशी असलेला संबंध दाखवला होता. पण अशा पाहण्यांतील रुग्णसंख्या शेकड्यांत असते, युरोपातील अभ्यासांत दहा हजारांत. जानेवारी २०२५ मध्ये जीनोमइंडिया प्रकल्पाने देशभरातील विविध समूहांतील सुमारे १०,००० व्यक्तींचे जनुकसंच संशोधकांना खुले केले. ते दमेकऱ्यांचे नाहीत, मात्र इथल्या लोकांत कोणता भेद किती पसरलेला आहे, हे त्यातून प्रथमच नीट मोजता येईल आणि पुढच्या दमा-अभ्यासाला पाया मिळेल.

पाऊलवाट

धन्यवाद. मग चाचणीऐवजी डॉक्टरांना काय सांगावे? पतीच्या आजोबांनाही दमा होता आणि आत्याला अजून आहे. सासरच्या मंडळींच्या म्हणण्याप्रमाणे हे दम्याचेच घराणे आहे.

वैद्य_गोदाकाठ

‘दम्याचे घराणे’ हा शब्द ऐकला की मी प्रथम प्रत्येकाचे वय विचारतो. आजोबांना धाप केव्हापासून लागू लागली? पंचावन्नाव्या वर्षी, आणि त्याआधी तीस वर्षे बिडी ओढत होते, असे उत्तर आले, तर तो बहुधा सीओपीडी होता. बहुधा धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणारा फुप्फुसांचा हा आजार वेगळा आहे आणि आपल्या नातवंडांच्या बाळदम्याशी त्याचा वारशाने संबंध जोडता येत नाही. आत्याबाईंचे आयुष्य चुलीपुढे गेले असेल, तर त्यांच्याबाबतही हीच शंका घ्यावी, कारण बिडीला कधी न शिवलेल्या, पण वर्षानुवर्षे चुलीवर स्वयंपाक केलेल्या स्त्रियांमध्ये सीओपीडी आपल्याकडे खूप आहे आणि घरात त्यालाही सरसकट दमाच म्हटले जाते.

याउलट, खरा बाळदमा पुष्कळदा लपलेला असतो. ‘मुलाच्या वडिलांना कधीच दमा नव्हता, फक्त लहानपणी ॲलर्जिक ब्राँकायटिस होता, सर्दी झाली की छाती भरायची, दहावीनंतर आपोआप गेला’ असे आजी सांगते, तेव्हा मी तो दमा म्हणूनच नोंदवतो. मुलगी दाखवण्याच्या वेळी नाव नको म्हणून वापरलेला तो शब्द फायलीत जन्मभर राहून जातो.

म्हणून पुढच्या भेटीत एवढे लिहून न्यावे : पतीचा दमा कितव्या वर्षी सुरू झाला, तो सर्दीने वाढत असे की धुळीने, त्यांना किंवा मुलीला कोपराच्या आतल्या बाजूस आणि गुडघ्याच्या मागे कोरडा, खाजरा इसब होता का, आणि आपल्या माहेरी कोणाची छाती लहानपणी घरघरत असे का. माहेरची चौकशी अवश्य करावी, कारण आईकडील दम्याने मुलांचा धोका वडिलांकडील दम्याइतकाच, किंबहुना किंचित अधिक वाढतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांत केवळ सासरचीच वंशावळ तयार असते.